कळते पण वळत नाही: अविवेकी धारणा बदलणारा मानसोपचार

न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९४७ साली कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि पुढची काही वर्षे मनोविश्लेषणाच्या पद्धतीने उपचार केले. सिग्मंड फ्रॉइड यांच्या या पद्धतीत रुग्ण कोचावर पडून मनात येईल ते बोलत राहतो आणि त्याच्या आजच्या त्रासाचे मूळ बालपणीच्या अनुभवांत शोधले जाते. एलिस यांच्या लक्षात येऊ लागले की, हे मूळ सापडले तरी त्रास पुष्कळदा तसाच राहतो. लहानपणीच्या धाकामुळे आपण वरिष्ठांना घाबरतो, हे ज्याला पुरते पटले आहे, त्याचीही वरिष्ठांसमोर बोलताना जीभ अडखळतेच. भीती कोठून आली हे कळल्याने ती जात नव्हती, म्हणून एलिस यांनी प्रश्नच बदलला: ती भीती आज जिवंत कशामुळे राहते?

त्यांना सापडलेले उत्तर असे होते की, माणूस जुन्या प्रसंगातून काढलेला निष्कर्ष आजही स्वतःला रोज, बहुधा नकळत, ऐकवत असतो आणि त्या निष्कर्षाला धरूनच वागत असतो. १९५५ च्या सुरुवातीपासून त्यांनी या निष्कर्षांशी थेट वाद घालणारी उपचारपद्धती वापरायला आरंभ केला. तिच्या मुळाशी असलेला विचार जुना होता. माणसाला घटनांमुळे नव्हे, तर घटनांकडे पाहण्याच्या त्याच्या दृष्टीमुळे त्रास होतो, असे एके काळी गुलाम असलेल्या एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी सांगितले होते. एलिस यांनी या पद्धतीचे नाव १९६१ मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये बदलले. दुसऱ्या बदलात त्यांनी ‘वर्तन’ (बिहेविअर) हा शब्द इंग्रजी नावात घातला आणि त्यामागचे कारण महत्त्वाचे आहे; त्याकडे पुढे येऊ. मराठीत ती विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती म्हणून ओळखली जाते. ती महाराष्ट्रात रुजवण्यात प्रा. कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे. एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून त्यांनी ती आत्मसात केली आणि मराठी समाजापर्यंत पोचवली.

येथे ‘अविवेकी धारणा’ म्हणजे अंधश्रद्धा नव्हे. अत्यंत सुशिक्षित आणि विज्ञाननिष्ठ माणसाच्या मनातही अशा धारणा असतात, कारण त्यांचा संबंध माणूस जगाकडून काय मागतो याच्याशी असतो. समजा, राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करणारी एक तरुणी पूर्वपरीक्षेत थोडक्या गुणांनी मागे पडली. ती खोलीतून बाहेर पडत नाही, गावाकडचे फोन घेत नाही आणि पुस्तक उघडले की तिला रडू येते. ‘अनुत्तीर्ण झाले म्हणून मी अशी झाले,’ असे ती म्हणते. एलिस या साखळीत मधली एक कडी दाखवतात. घटना घडली, त्या घटनेविषयी तिने मनात काही धरले आणि मग परिणाम झाला. मधल्या कडीत पुढील विधाने सापडतात: ‘मी उत्तीर्ण व्हायलाच हवे होते. झाले नाही, हे भयंकर आहे. हे मला सहन होणारच नाही. मी नालायक आहे.’

ही चार विधाने वरवर सारख्याच वजनाची दिसतात. मात्र एलिस यांच्या मते पहिले विधान हे बाकीच्यांचे मूळ आहे. यश मिळावे ही इच्छा पूर्णपणे विवेकी आहे आणि तिच्याशिवाय कोणी अभ्यासालाही बसणार नाही. गोंधळ होतो तो त्या इच्छेचा हट्ट झाल्यावर, कारण हट्टाला ‘नाही’ हे उत्तर मान्यच नसते. उपचाराच्या सुरुवातीच्या काळात एलिस यांनी अविवेकी धारणांची बरीच लांब यादी केली होती. पुढे त्यांना जाणवले की ती तीन मागण्यांत सामावते: मी यशस्वी आणि सर्वांना प्रिय असायलाच हवे, इतरांनी माझ्याशी न्यायाने वागायलाच हवे, आणि आयुष्य सुखकर, विनासायास असायलाच हवे. पहिलीतून चिंता, नैराश्य आणि स्वतःविषयीची घृणा निर्माण होते, दुसरीतून संताप, आणि तिसरीतून चालढकल किंवा व्यसनाकडे ओढ.

याच टप्प्यावर पुष्कळांची अशी समजूत होते की, ही पद्धती म्हणजे सकारात्मक विचार करा आणि आनंदी राहा, असा उपदेश असावा. तसे मुळीच नाही, आणि माझ्या मते हीच तिची सर्वांत प्रामाणिक बाजू आहे. परीक्षेत अपयश येणे ही वाईटच गोष्ट आहे. तिच्याविषयी दुःख होणे निरोगी मनाचे लक्षण आहे आणि ते दुःख घालवण्याचा उपचार येथे केला जात नाही. दुःख आणि नैराश्य, काळजी आणि चिंता, पश्चात्ताप आणि अपराधगंड यांत एलिस फरक करतात. प्रत्येक जोडीतील पहिली भावना क्लेशकारक असली तरी माणसाला पुढचे पाऊल टाकू देते, दुसरी त्याला जखडून टाकते. त्या तरुणीने दुःखी होऊन चुकलेले प्रश्न पुन्हा तपासावेत, एवढेच उपचाराला अपेक्षित असते.

फिलाडेल्फियात मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्यावरील बोधात्मक, म्हणजे रुग्णाचे विचार तपासून बदलणारी, उपचारपद्धती विकसित केली. ती एलिस यांच्या पद्धतीची जवळची नातेवाईक मानली जाते, तरी दोघांच्या रोखात फरक आहे. ‘पुढच्या वेळीही मी नापास होणार आणि सगळे मला हसणार,’ असे ती तरुणी म्हणाली, तर बेक यांच्या पद्धतीने काम करणारा उपचारक प्रथम या भाकिताला पुरावा काय आहे, हे तिच्याबरोबर तपासेल. एलिस आणखी खोल जाण्याचा आग्रह धरतात. समजा, ती खरोखरच पुन्हा नापास झाली आणि काही लोक खरोखरच हसले, तर त्यावरून ती नालायक कशी ठरते? भाकीत खोटे ठरवून मिळालेला दिलासा पुढच्या निकालापर्यंतच टिकतो. अपयश खरे ठरले तरी माणूस म्हणून आपली किंमत घटत नाही, हे उमगले तर निकालाची दहशतच ओसरते. या भूमिकेला विनाअट आत्मस्वीकार म्हणतात. तिच्यात ‘मी थोर आहे’ असे स्वतःला पटवणेही नाही. माणसाच्या हातून आयुष्यभरात असंख्य कृती घडतात, त्या बदलत राहतात, आणि त्या सगळ्यांची मिळून एकच गुणपत्रिका तयार करणे अशक्य आहे. कृतीचे मूल्यमापन जरूर करावे, माणसाचे करू नये, असा हा विचार आहे.

उपचारातील वाद हा मुख्यतः तीन बाजूंनी घातला जातो. मी यशस्वी व्हायलाच हवे, असा नियम जगात कोठे आहे, हा झाला वस्तुस्थितीचा प्रश्न. मला यश हवे आहे, म्हणून ते मिळालेच पाहिजे, हे अनुमान कसे निघते, हा तर्काचा. आणि ही धारणा धरून ठेवल्याने माझा अभ्यास सुधारतो की बिघडतो, हा उपयुक्ततेचा. अनेकांना पहिले दोन प्रश्न लवकर पटतात, आणि येथेच ती जुनी अडचण नव्या रूपात परत येते. माझी धारणा अविवेकी आहे, हे कळूनही पोटात गोळा येतोच. बुद्धीने दिलेली मान्यता वरवरची असते आणि वर्षानुवर्षे केलेल्या वागण्याने धारणा पक्की झालेली असते. ती तरुणी फोन टाळते तेव्हा तिला क्षणभर सुटका वाटते, आणि त्या सुटकेतून ‘फोन घेणे मला झेपलेच नसते’ हा समज आणखी घट्ट होतो. म्हणून धारणेच्या विरुद्ध प्रत्यक्ष वागल्याशिवाय ती सुटत नाही. नावात ‘वर्तन’ हा शब्द आला तो यासाठी.

एलिस यांनी हे तत्त्व तरुणपणीच स्वतःवर वापरून पाहिले होते. अनोळखी स्त्रियांशी बोलण्याची त्यांना विलक्षण भीती वाटत असे. १९ वर्षांचे असताना त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील वनस्पती उद्यानात एक महिनाभर जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी बोलायचे ठरवले. काही जणी लगेच उठून गेल्या आणि सुमारे १०० जणींशी संभाषण झाले. एकीने पुन्हा भेटण्याचे कबूल केले, आणि ती आली नाही. लौकिक अर्थाने प्रयोग साफ फसला, तरी नकाराने काहीही भयंकर घडत नाही हे शरीराला आणि मनाला एकाच वेळी उमगले आणि ती भीती गेली. पुढे ते रुग्णांनाही अशीच कामे देत. भुयारी रेल्वेत प्रत्येक स्थानकाचे नाव मोठ्याने पुकारायचे आणि लोक रोखून पाहत असताना गाडीतच थांबायचे, हे त्यांतले एक प्रसिद्ध काम. यात कोणाला इजा होत नाही आणि कायदाही मोडत नाही. लोकांनी वेडे समजले तरी आपण टिकतो, हे मात्र अनुभवाने कळते. आपल्या त्या तरुणीला उपचारक कदाचित एवढेच सांगेल की, या आठवड्यात एका नातेवाइकाला स्वतःहून फोन करावा, निकाल सांगावा आणि तो जे बोलेल ते ऐकून घ्यावे. असा गृहपाठ अनेकदा करावा लागतो आणि मधूनमधून जुनी सवय डोके वर काढते.

या पद्धतीच्या परिणामकारकतेची तपासणीही झाली आहे. रोमानियात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तीव्र नैराश्याच्या १७० रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागून १४ आठवडे एलिस यांची पद्धती, बेक यांची पद्धती किंवा फ्लुओक्सेटिन हे औषध देण्यात आले. उपचार संपताना तिन्ही गटांतील सुधारणा सारखीच होती. सहा महिन्यांनंतर मात्र नैराश्याच्या एका मापनावर एलिस यांच्या पद्धतीचा गट औषधाच्या गटापेक्षा सरस दिसला. यावरून औषधे निरुपयोगी ठरत नाहीत. अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर या पद्धतीचा परिणाम मध्यम स्वरूपाचा आढळतो, आणि मानसोपचारासाठी ही समाधानकारक गोष्ट आहे.

एका गैरवापराविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. घरी मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला किंवा कामाच्या ठिकाणी जातीवरून अपमान सहन करणाऱ्या माणसाला ‘तुझा दृष्टिकोन बदल’ असे सांगणे, हा या शास्त्राचा अर्थ नव्हे. वास्तव स्वीकारणे म्हणजे ते योग्य मानणे नाही. संतापाने किंवा भीतीने हतबल न होता अन्यायाविरुद्ध पाऊल उचलता यावे, यासाठीच धारणांवर काम करायचे असते. तसेच भास होणे, उन्मादाची अवस्था, अन्नपाणी सुटण्याइतके नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असतील, तर स्वतःशी वाद घालत बसण्यात वेळ न दवडता मानसोपचारतज्ज्ञाला भेटणे आवश्यक असते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. औषधांनी झोप आणि भूक सावरली, की मग धारणांवरील काम त्यांच्या जोडीने सुरू करता येते.