मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो?

घरात पिल्लू आणायचे ठरले की ‘मांजराचा केस मुलाच्या पोटात गेला तर दमा जडतो’ असे वडीलधारी मंडळी हमखास बजावतात, पण ते खरे नाही. गिळलेला केस शौचावाटे बाहेर पडतो. श्वासनलिकेशी त्याचा संबंध येत नाही. काहींना त्रास होतो तो मांजराच्या लाळेतील व त्वचेतील प्रथिनाचा : मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि तिचे सूक्ष्म कण श्वासातून आत जातात. म्हणून मुलाला आधीच दमा असल्यास डॉक्टरांना अवश्य विचारावे. मला खरी काळजी वाटते ती ओरखड्यांची. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरात आधीपासून कुत्रा असेल, तर मांजराचे पिल्लू सुरुवातीला वेगळ्या खोलीत ठेवून त्याचे अंथरूण कुत्र्याला हुंगू द्यावे.