न्यू जर्सीत स्वस्तात गोल्फ खेळायचंय? आधी काउंटीचं रेसिडेंट कार्ड काढा

एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर, ब्रिजवॉटर या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या लोकांना गोल्फ म्हटलं की कंट्री क्लब आणि हजारो डॉलरची मेंबरशिप एवढंच डोळ्यासमोर येतं. खरं तर इथे बऱ्याच काउंटींची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) स्वतःची सरकारी गोल्फ कोर्सेस आहेत, पार्कसारखीच, कोणीही जावं पैसे भरावे आणि खेळावं. नेवार्कचं वीक्वाहिक तर 1913 पासून पब्लिक आहे. फक्त एक मेख आहे, तुम्ही त्या काउंटीचे रहिवासी आहात हे कागदावर दाखवलं नाही तर बाहेरच्याचा रेट लागतो आणि तो चांगलाच जास्त असतो. म्हणून रेसिडेंट कार्ड. वर्षाची थोडी फी असते, नियमित खेळणाऱ्याची ती दोन-चार राउंडमध्ये (राउंड म्हणजे कोर्सचा एक पूर्ण खेळ) वसूल होते.

पात्रता एकच, पत्ता. घर स्वतःचं की भाड्याचं हे कोणी विचारत नाही, एच-वन आहे की ग्रीनकार्ड याच्याशीही त्यांना घेणंदेणं नाही. पण "मी प्रिन्सटनला राहतो" म्हणून भागत नाही, कारण पोस्टाचा पत्ता प्रिन्सटन असलेली घरं प्लेन्सबरोत आहेत, साउथ ब्रन्सविकमध्ये आहेत, वेस्ट विंडसरमध्ये आहेत. पहिली दोन गावं मिडलसेक्स काउंटीत आणि वेस्ट विंडसर मर्सरमध्ये! त्यामुळे आधी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल किंवा लीज काढून आपली टाउनशिप कुठली ते बघा, मग काउंटी ठरवा. चुकीच्या काउंटीच्या काउंटरवर उभं राहून वाद घालणारे दोन जण मी स्वतः पाहिलेत, दोघंही आपलेच.

काउंटी कळली की कोर्स निवडायचा. मिडलसेक्सवाल्यांना ईस्ट ब्रन्सविकचं टॅमरॅक (36 होल), प्लेन्सबरोचं मेडोज आणि पिस्कॅटवेचं छोटं रॅरिटन लँडिंग. नवशिक्या असाल तर डोळे झाकून रॅरिटन लँडिंगला जा, होल आखूड आहेत, मागचे लोक ओरडत नाहीत. मर्सरला मर्सर ओक्सची दोन कोर्सेस, माउंटन व्ह्यू, आणि प्रिन्सटन कंट्री क्लब, नावाला घाबरू नका, तेही काउंटीचंच आहे. सॉमरसेटला निशॅनिक व्हॅली, क्वेल ब्रूक, स्पूकी ब्रूक, ग्रीन नोल वगैरे. मॉनमथवाल्यांची तर चैनच, कोल्ट्स नेकचं नावाजलेलं हॉमिनी हिल त्यांच्या काउंटीचं आहे.

आता कागद. मुख्य कागद म्हणजे न्यू जर्सीचं ड्रायव्हिंग लायसन्स, आणि त्यावर सध्याचाच पत्ता हवा. इथेच बहुतेकांचं अडतं. घर बदललं की एका आठवड्याच्या आत मोटर व्हेइकलला पत्ता कळवायचा असा नियम आहे पण कोण करतं, मी पण केलं नव्हतं, दोन वर्षं जर्सी सिटीच्या अपार्टमेंटचा पत्ता घेऊन फिरत होतो आणि कार्ड काढायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या आजींनी लायसन्स बघून गोड हसून परत पाठवलं. पत्ता बदल ऑनलाइन होतो, आधी तेवढं उरका. लायसन्सच्या जोडीला वीज-गॅसचं बिल, लीज किंवा टॅक्स बिल जवळ ठेवा, कुठे एकच पुरावा चालतो, कुठे दोन मागतात. तुमच्या काउंटीच्या पार्क खात्याच्या साइटवर यादी असते, निघण्याआधी ती वाचा. पासपोर्ट दाखवून उपयोग नाही, आपल्या भारतीय पासपोर्टवर पत्ता असलाच तर तो बहुधा पुण्याचा नाहीतर ठाण्याचा असतो.

व्हिसावाल्यांनी अजून एक बघायचं. लायसन्सची मुदत आय-नाइन्टीफोरला (देशात कधीपर्यंत राहता येईल ती नोंद) बांधलेली असते, एक्स्टेन्शन अडकलं की लायसन्सही संपतं, आणि संपलेल्या लायसन्सवर कार्डासाठी डोकेफोड करत बसावं लागतं. मुदत शिल्लक असतानाच कार्ड काढून टाका.

कार्डाला बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष जावं लागतं, काउंटरवर फॉर्म, फोटो, फी, काम खलास. नवरा-बायको दोघं खेळत असाल तर दोन कार्डं, एकाच्या कार्डावर दुसऱ्याला रेट मिळत नाही. मुलांचं आणि ज्येष्ठांचं कार्ड बहुधा स्वस्त असतं, वयाची अट मात्र काउंटीप्रमाणे बदलते म्हणून विचारून घ्या. मुलांसाठी यूथ ऑन कोर्स नावाची मेंबरशिपही आहे, तिच्यात सामील कोर्सेसवर पाच डॉलर किंवा कमीत राउंड मिळतो. भारतातून आलेले आईबाबा मात्र रहिवासी धरत नाहीत, त्यांना पाहुणा म्हणूनच न्यायचं. हँडिकॅप नंबरची (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) गरज नाही, तो स्पर्धा खेळायच्या असतील तर.

कार्डाचा खरा फायदा कळतो तो शनिवारी सकाळी, कारण कार्डवाल्यांना बुकिंग बाहेरच्यांपेक्षा काही दिवस आधी खुलं होतं आणि चांगले टी टाइम (खेळ सुरू करायच्या वेळा) तिथेच संपतात. एकटे असाल तर चिंता नको, एखाद्या तिघांच्या ग्रुपमध्ये जागा सापडते. पैसे वाचवायचे असतील तर दुपारनंतरचा ट्वायलाइट रेट घ्या आणि कार्ट (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) न घेता चाला. येणार नसाल तर वेळेत कॅन्सल करा नाहीतर काही ठिकाणी कार्डाला दंड लागतो. कॉलरचा टीशर्ट घाला, जीन्स टाळा.

आणि हो, काही जण विचारतात न्यूयॉर्कचं बेथपेज ब्लॅक हे कोर्स पण सरकारीच ना, मग आम्हाला का महाग? 2002 चा यूएस ओपन (गोल्फची मोठी स्पर्धा) झाला ते हेच, पण ते न्यूयॉर्क स्टेटचं आहे, तिथे रेसिडेंट म्हणजे न्यूयॉर्कचं लायसन्स. आपण नदीच्या अलीकडचे, आपल्याला बाहेरच्याचा रेट. शिवाय तिथे कार्ट नाही, चालतच खेळायचं, आणि पहिल्या टीवर (जिथून पहिला फटका मारतात तिथे) पाटीच लावलीये की हे कोर्स फार अवघड आहे, फक्त कसलेल्या खेळाडूंनीच खेळावं. मी अजून रॅरिटन लँडिंगलाच आहे.