हलवा पापलेटचा भाऊ नव्हे

पापलेट आणि हलवा हे दोन मासे पाहिले की त्यांचे नाते कोणालाही उघड वाटावे. दोघांचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे आणि उंच, तोंड लहान, शेपटी खोल दुभंगलेली. फरक काय तो रंगाचा. म्हणून बाजारात हलव्याला ‘काळे पापलेट’ असेही म्हणतात. युरोपातल्या जुन्या निसर्गअभ्यासकांचेही मत वेगळे नव्हते. स्वीडनच्या यूफ्रासेनने 1788 मध्ये चीनकडच्या नमुन्यावरून रुपेरी पापलेटचे वर्णन ‘स्ट्रोमॅटियस’ या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, केले आणि 1795 मध्ये जर्मन अभ्यासक ब्लॉख याने हलवाही त्याच प्रजातीत घातला. आजचे वर्गीकरण मात्र सांगते की पापलेटचे जवळचे नातलग बांगडा आणि सुरमई आहेत, तर हलव्याची सोयरीक लेप्याशी आणि रावसाशी आहे. हा निष्कर्ष विचित्र वाटतो खरा, परंतु त्यामागे अडीच शतकांचा विचार आहे आणि त्यातले बरेचसे पुरावे मासा साफ करताना हाताला लागण्यासारखे आहेत.

पहिली विभागणी सोपी आहे. मुशी आणि पाकट यांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो आणि त्यांच्या कल्ल्यांच्या फटी बाहेरून सुट्या दिसतात. बाकी बहुतेक सर्व मासे अस्थिमत्स्य. त्यांचे कल्ले दोन्ही बाजूंना एकेका हाडाच्या झाकणाखाली असतात. या अस्थिमत्स्यांच्याही दोन शाखा आहेत. ज्यांचे पर मांसल खुंटावर बसवलेले असतात त्या शाखेतला सीलाकँथ हा मासा केवळ जीवाश्मांतूनच माहीत होता, तो 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ट्रॉलरच्या जाळ्यात जिवंत सापडला. याच शाखेतून पुढे बेडूक, सरडे, पक्षी आणि माणूस निघाले, त्यामुळे काटेकोरपणे बोलायचे तर सीलाकँथ हा बांगड्यापेक्षा आपल्याला अधिक जवळचा आहे. दुसरी शाखा किरणपरांची, म्हणजे ज्यांचे पर बारीक किरणांच्या आधारावर ताणलेले असतात त्यांची. तिच्यात आज 30 हजारांहून अधिक जाती आहेत आणि जेवणाच्या ताटात येणारा जवळजवळ प्रत्येक हाडांचा मासा तिच्यातलाच असतो.

खरी गुंतागुंत या दुसऱ्या शाखेत आहे. माशांच्या शास्त्राचा जनक मानला जाणारा पीटर आर्टेडी 1735 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एका कालव्यात बुडून मरण पावला; त्याचे अपुरे राहिलेले लिखाण त्याचा मित्र, स्वीडिश वर्गीकरणकार लिनियस याने 1738 मध्ये प्रसिद्ध केले. परांतले आधार टणक काटे आहेत की मऊ किरण, या लक्षणाला आर्टेडीने महत्त्व दिले होते, आणि ते लक्षण आजही उपयोगी पडते. लिनियसने 1758 मध्ये वेगळा मार्ग धरला आणि पोटाकडच्या जोडपरांची जागा पाहून गट पाडले: जोडपर गळ्याशी असलेले, छातीखाली असलेले, पोटावर असलेले आणि ते मुळीच नसलेले. पद्धत नीटनेटकी होती, पण तिच्यामुळे स्ट्रोमॅटियस, बाळा, तलवारमासा आणि वाम यांची गाठ एकाच गटात पडली, कारण या चौघांनाही ते पर नाहीत. एखादा अवयव नसणे हे नात्याचे लक्षण म्हणून फार दुबळे असते, कारण तो वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे नाहीसा होऊ शकतो. हलव्यात तर हे एकाच माशाच्या आयुष्यात घडते: पिल्लाला पोटाचे जोडपर असतात आणि मासा मोठा होता होता ते जातात.

डार्विननंतर वर्गीकरणाचा प्रश्नच बदलला. कोण कोणासारखा दिसतो याऐवजी कोणाचा पूर्वज कोणाशी समान आहे, हे विचारले जाऊ लागले. असे विचारले की कधी कधी पूर्ण वाढलेल्या माशापेक्षा त्याचे पिल्लू अधिक बोलके ठरते. वामेच्या गटातील माशांची पिल्ले काचेसारखी पारदर्शक आणि पानासारखी सपाट असतात. एकोणिसाव्या शतकात त्यांना स्वतंत्र मासे समजून वेगळे नावही देण्यात आले होते. 1890 च्या दशकात ग्रास्सी आणि कालांद्रुच्चो या इटालियन संशोधकांनी अशा पिल्लाचे रूपांतर वामेसारख्या माशात होताना पाहिले, तेव्हा तो घोळ मिटला. पुढे 1966 मध्ये ग्रीनवुड आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी अस्थिमत्स्यांची जी नवी मांडणी केली, तिच्यात याच पिल्लाच्या आधारे वाम आणि रुपेरी, खवलेदार टार्पन हे एका गटात आले. दिसायला या दोघांत काहीही साम्य नाही.

तारली, मांदेली, भिंग आणि करली हा आणखी एक जुना गट. यांच्या परांत टणक काटे नसतात, जोडपर पोटाच्या मध्यावर असतात, आणि तारलीच्या पोटाच्या कडेवरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवले तर करवतीसारखे खवले बोचतात. त्यांच्या वाताशयाची, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीची, नळी थेट कानापर्यंत जाते. शिंगाळ्यातही वाताशय कानाला जोडलेले असते, मात्र तिथे हे काम लहान हाडांची एक साखळी करते. जनुकीय अभ्यासात तारलीचा आणि शिंगाळ्याचा गट एकमेकांजवळ आले आहेत. हा शिंगाळा रोहू-कटल्याच्या गोतावळ्यातला, म्हणजे मूळ गोड्या पाण्याच्या घराण्यातला; समुद्रात राहणारी त्याची कुळे थोडी आहेत. बोंबील या दोन्हींपासून वेगळा. त्याचे कुल म्हणजे सरड्यासारख्या तोंडाच्या माशांचे, आणि त्याच कुलातल्या दुसऱ्या एका माशाला आपल्याकडे ‘चोर बोंबील’ म्हणतात. इथे कोळ्यांची नजर आणि प्रयोगशाळा यांचे एकमत आहे.

उरले ते टणक काट्यांचे मासे, आणि तिथे विसाव्या शतकातले वर्गीकरण सरळ थकले होते. ज्याचे नाते नीट कळत नाही तो मासा ‘पर्सिफॉर्मीस’ या गणात, म्हणजे अनेक कुलांच्या मोठ्या गटात, टाकायचा, असा जणू रिवाज पडला. घरातल्या माळ्यावर वस्तू चढत जातात तसा तो गण फुगत जाऊन त्यात सुमारे 160 कुले आणि 10 हजार जाती जमा झाल्या. घोळ, बांगडा, पापलेट, हलवा, रावस, तांबोशी सगळे त्यात होते. एवढ्या मोठ्या गणाचे नाव घेतल्याने त्या माशाबद्दल फारसे काहीच कळत नसे.

तो माळा डीएनएने रिकामा केला. जपानच्या मासाकी मिया यांच्या चमूने 2013 मध्ये दाखवले की बांगडा, सुरमई आणि कुपा यांचे कुल, पापलेटचे कुल, बाळ्याचे कुल आणि इतर काही मिळून एकूण 15 कुले एकाच पूर्वजाकडे जातात. बाह्य रूपात यांच्यात काहीच मेळ नाही: सुरमई वेगाने पाठलाग करणारी शिकारी, बाळा पट्ट्यासारखा लांब, पापलेट गोलसर आणि संथ. साम्य राहणीत आहे. ही सारी कुले प्रामुख्याने खुल्या समुद्राच्या पाण्यात वावरणारी आहेत. दुसरीकडे हलवा, लेपा, रावस, बाराकुडा आणि तलवारमासा हे वेगळ्याच एका मोठ्या गटात गोळा झाले. लेप्याचे पिल्लू इतर माशांसारखेच सरळ पोहते आणि त्याचे डोळे दोन बाजूंना असतात. मग एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि मासा तळाशी आडवा होतो. पूर्वी या विलक्षण बदलामुळेच त्याला अगदी स्वतंत्र ठेवले जात असे.

मासा साफ करणाऱ्याला मात्र पापलेट आणि हलवा यांतला फरक डीएनएशिवायही दिसतो. पापलेटचे कल्ले काढून घशात पाहिले तर त्यांच्या मागे जाड भिंतीची एक पिशवी लागते, तिच्या आत दातांसारखे उंचवटे असतात आणि मऊ भक्ष्य तिथे रगडले जाते. हलव्याला ही पिशवी नाही. उलट हलव्याच्या शेपटीच्या देठावर, अंगावरून जाणाऱ्या बाजूच्या रेषेच्या शेवटी, कठीण खवल्यांची धार असते. ती त्याच्या कुलातल्या इतर अनेक माशांत आढळते, पापलेटमध्ये नाही. ब्लीकर या डच अभ्यासकाने 1864 मध्येच हलव्याला वेगळी प्रजाती दिली होती. म्हणजे दोघांच्या भावकीबद्दलची शंका जुनीच आहे, डीएनएने दोघांची घरे किती लांब आहेत तेवढे दाखवले.

अजूनही काही जागा पक्क्या नाहीत. महाराष्ट्राने 2023 मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर केलेल्या रुपेरी पापलेटलाच आपण दीर्घकाळ यूफ्रासेनचे ‘अर्जेन्टियस’ हे जातीनाम लावत आलो, पण अलीकडच्या अभ्यासांनी भारतीय किनाऱ्यावरचा मासा ‘कँडिडस’ ही वेगळी जाती असल्याचे मानले आहे. घोळ आणि ढोमा यांचे कुल तर त्याहून अवघड. त्यांच्या कानातले मोठे खडे, आणि ज्याला कोळी भोत म्हणतात त्या वाताशयावर स्नायू आपटून काढलेला ढोलासारखा आवाज, यांमुळे ते कुल ओळखायला सोपे आहे. पण ते नेमके कोणत्या गणात बसवावे यावर वर्गीकरणकारांत मतभेद आहेत, आणि 2017 च्या एका मोठ्या जनुकीय मांडणीने त्याला कुठल्याच गणात न घालता अनिश्चित स्थानी ठेवले.