करवल्यांचे कपडे शिवायला टाकताय? आधी हे वाचा

लग्न ठरलं की ठाण्यातल्या आमच्या शिलाईच्या दुकानात फोन येतो, ताई चार करवल्या आहेत, एक पाचची, दोन सात सात वर्षांच्या आणि एक अगदी छोटी, खणाचे परकर-पोलके शिवायचेत, किती होतील? रंग ठरलेला, काठ ठरलेला, फोटोपण पाठवलेला, फक्त मुली कधी आणताय विचारलं की एक पुण्याला आणि एक नाशिकला. रोज तेच बोलणं होतं म्हणून शेवटी छापूनच ठेवलंय.

वयावरून माप होत नाही. पाच वर्षांच्या दोन मुली शेजारी उभ्या केल्या तर उंचीतच सहज चार-पाच इंचांचा फरक निघतो, खांदे आणि कंबर तर सोडूनच द्या. जुना फ्रॉकपण मापाला पाठवू नका, तो तिला आता घट्ट होतोय का मुळातच सैल घेतला होता हे आम्हाला कसं कळणार. असं अंदाजाने शिवलेलं पोलकं लग्नाच्या आठवड्यात उसवायला येतं, तेव्हा मशीनवर नवरीचे ब्लाउज असतात, मग सगळ्यांचीच धावपळ. मुलगी बाहेरगावी असेल तर तिच्या आईला टेप घेऊन व्हिडिओ कॉलवर बसवा, छाती, कंबर, खांदा, बाही आणि कंबरेपासून घोट्यापर्यंत, दहा मिनिटांचं काम आहे. इथली असेल तर मात्र तिला घेऊनच या.

दोनदा कशाला बोलावता असं बरेच जण म्हणतात. या वयात मुली वर्षाला साधारण दोन-सव्वादोन इंच वाढतात, गणपतीत माप दिलं आणि लग्न वैशाखात असेल तर परकर घोट्याच्या वर जाणारच. म्हणून लग्नाच्या दहा दिवस आधी एक ट्रायल घेतोच. खणाचा काठ खाली पूर्ण दिसायला हवा, तो दुमडता येत नाही, त्यामुळे परकराला आतून दोन इंचांची टक मारतो, म्हणजे आडवी घडी घालून शिवतो, आणि पोलक्याला दोन्ही बाजूंना माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, ठेवतो. टकेची रेघ दिसते अशी तक्रार येते, दिसते थोडी, पण तीच टक सोडून पुढच्या एक-दोन दिवाळ्या तोच परकर वापरता येतो, रेडीमेड घेताना आत एवढी माया आहे का ते उलटून बघा.

लांबी अनवाणीच मोजायची, मांडवात चपला काढाव्या लागतात आणि हील घालून दिलेल्या मापाचा परकर तिथे पायात येतो, हातात ताट असल्यावर पोरगी तो उचलणार कशी! चर्चमधल्या लग्नासाठी फ्लॉवर गर्लचा फ्रॉक असेल तर उलटं, तिथे बूट घालूनच चालायचं असतं म्हणून तेच बूट घेऊन या. फुलांची टोपली धरायची असल्याने तो घोट्याच्या वरच ठेवतो.

करवली निवडणं तुमच्या घरचा प्रश्न, आम्ही त्यात पडत नाही, कुठल्या मावशीची मुलगी राहिली यावरून रुसवे होतातच. एवढंच सांगतो की तीन वर्षांच्या आतल्या मुलीला ड्रेस जरूर शिवा पण तिला रांगेत धरू नका, मंगलाष्टकं आणि अक्षता सुरू झाल्या की ती आईकडे पळते. आणि करा-दिवा धरणाऱ्या मुलीला नेटचा कॅनकॅनवाला, म्हणजे आत कडक जाळी लावून फुलवलेला, घागरा नकोच, ते कापड पटकन पेटतं आणि वितळून अंगाला चिकटतं. तिला खण किंवा कॉटन, ओढणी नाही. दिवा शक्यतो मोठ्या बहिणीकडे द्या.

खण आमच्याकडे हातमागाचा, कर्नाटकातल्या गुळेदगुडचापण आहे आणि पॉवरलूमचापण. हातमागाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असतो, मोठ्यांना जोड द्यावा लागतो, छोट्या मुलीचा परकर मात्र आडव्या पन्ह्यात बिनजोड बसतो, म्हणून तिच्यासाठी तोच घ्या. अस्तर कॉटनचंच लावतो, मे महिन्यात ठाण्यात सॅटिनचं अस्तर म्हणजे पोरीला शिक्षा आहे.

तुळशीचं लग्न झालं की गर्दी सुरू होते. पितृपक्षात दुकान रिकामं असतं, खरेदी नसेल करायची तर नका करू पण मापं देऊन जा, नंबर आधी लागतो. घोडबंदरहून येणाऱ्यांनी संध्याकाळी निघू नये, ट्रॅफिकमध्ये पोरगी झोपते आणि उठवल्यावर टेपला हात लावू देत नाही. सकाळी अकरापासून आम्ही असतो, सोमवारी बंद.