मिरर डिस्कवर इमेज रिस्टोअर का फसते: डॉसपासून यूईएफआयपर्यंतची पार्श्वभूमी

इमेज (डिस्कची फाइलरूपात घेतलेली प्रत) धड असते, रिस्टोअर (ती डिस्कवर परत लिहिणं) शंभर टक्के पूर्ण होतं, आणि तरीही मशीन बूट होत नाही. कधी अ‍ॅरे (एकत्र जोडलेल्या डिस्कचा संच) ‘डिग्रेडेड’, म्हणजे एक डिस्क गळालेला, दिसतो. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे सगळं सुरळीत सुरू होतं आणि दोन-चार दिवसांत फाइली बिघडायला लागतात. अशा वेळी संशय इमेजवर किंवा डिस्कवर जातो. प्रत्यक्षात बऱ्याचदा झालेलं असतं ते इतकंच, की रिस्टोअर करणाऱ्या प्रोग्रामने मिररवर (एकच माहिती ठेवणाऱ्या दोन डिस्कच्या जोडीवर) लिहायच्या ऐवजी मिररमधल्या एका सुट्या डिस्कवर लिहिलेलं असतं. ही चूक इतकी सहज का होते, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

एकाच माहितीच्या दोन डिस्कवर दोन प्रती ठेवायची पद्धत जुनी आहे. टँडेम कंपनीच्या नॉनस्टॉप संगणकांत ती १९७० च्या दशकातच होती. बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ‘रेड’वरचा (अनेक डिस्क एकत्र वापरायच्या पद्धतीवरचा) निबंध मांडला, तेव्हा पाच पातळ्यांपैकी पहिला क्रमांक त्यांनी या मिररिंगलाच दिला. त्या काळी हे काम स्वतंत्र कंट्रोलर करी. डिस्क त्याच्या मागे दडलेल्या असत आणि ऑपरेटिंग सिस्टिमला एकच डिस्क दिसे. त्यामुळे वरच्या प्रोग्रामला चुकायला वावच नव्हता.

इमेजिंगची वाट वेगळीकडून आली. युनिक्समधला प्रत काढणारा ‘डीडी’ १९७४ च्या सुमाराचा. पीसीच्या जगात ही गोष्ट रुजवली ती घोस्ट या प्रोग्रामने. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या बायनरी रिसर्चमध्ये मरे हॅझर्ड यांनी १९९५ मध्ये तो लिहिला आणि १९९८ मध्ये सिमँटेकने तो विकत घेतला. घोस्ट डॉसवर चाले आणि डिस्कशी मुख्यतः बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामच्या) इंटरप्ट १३ या डिस्क वाचायच्या-लिहायच्या सोयीतून बोले. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या तपशिलात आहे.

२००० च्या आसपास स्वस्त मदरबोर्डवर ‘रेड’ आलं. प्रॉमिसच्या फास्टट्रॅकसारख्या चिपा आल्या, मग २००४ मध्ये इंटेलच्या आयसीएच६आर चिपसेटबरोबर मॅट्रिक्स रेड आलं. यांत स्वतंत्र प्रोसेसर नसतो. बूट होताना बोर्डावरचा ऑप्शन रॉम हा छोटा प्रोग्राम इंटरप्ट १३ स्वतःकडे वळवून घेतो आणि दोन डिस्क एक म्हणून दाखवतो. पुढे विंडोज सुरू झाल्यावर तेच काम ड्रायव्हर करतो. त्यामुळे बायोसमधून जाणाऱ्या डॉसच्या घोस्टला मिरर आपोआप एकच डिस्क दिसे. घोस्टने बायोस टाळून थेट आयडीई (डिस्क जोडायची जुनी पद्धत) वाट धरली, तर मात्र दोन्ही डिस्क सुट्या दिसत. ती वाट बंद करायला ‘-एफएनआय’ हा स्विच द्यावा लागे.

मग रिस्टोअरच्या सीडी लिनक्सवर आणि विंडोज पीई वर (सीडीवरून चालणाऱ्या छोट्या विंडोजवर) गेल्या. ही दोन्ही वातावरणं बायोसला विचारत नाहीत, स्वतःच्या ड्रायव्हरने थेट डिस्कशी बोलतात. त्यात लिनक्सच्या २.४ कर्नलमधला अशा ‘रेड’साठीचा ड्रायव्हर २.६ मध्ये राहिला नाही. त्याच्या जागी २००४ मध्ये डीएमरेड आला, आणि २००९ मध्ये एमडीएडीएम या लिनक्सच्या ‘रेड’ साधनाच्या ३.० आवृत्तीने इंटेलचा मेटाडेटा (मिररविषयीची डिस्कवरची नोंद) वाचायला सुरुवात केली. मधल्या काळातल्या कित्येक रिस्टोअर सीडींना मिरर म्हणजे दोन वेगळ्या डिस्क वाटत. बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयने पुढे इंटरप्ट १३ ची वाटच संपवली. पीसीवर इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून व्हीएमडी (डिस्क इंटेलच्या कंट्रोलरमागे ठेवणारी सोय) आलं. ते चालू असेल तर ड्रायव्हर घातल्याशिवाय विंडोज पीई ला त्यामागची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क दिसतच नाही. माझ्या मते हे बरं आहे. डिस्क न दिसणं परवडतं, चुकीची दिसणं परवडत नाही.

आता मेटाडेटाविषयी. मिरर आहे ही नोंद कुठेतरी डिस्कवरच लिहावी लागते. इंटेल ती डिस्कच्या अगदी शेवटी ठेवतं. विंडोज २००० बरोबर आलेल्या डायनॅमिक डिस्कचा डेटाबेस एमबीआर (जुन्या पार्टिशन-पद्धतीच्या) डिस्कवर शेवटच्या १ एमबीमध्ये असतो. लिनक्सच्या मेटाडेटाचा जुना ०.९० प्रकार शेवटून ६४ ते १२८ केबीच्या पट्ट्यात, तर १.० प्रकार शेवटून ८ ते १२ केबीमध्ये असतो. शेवट निवडायचं कारण सोपं होतं: डिस्कची सुरुवात मोकळी राहते, म्हणून मिरर न ओळखणारा बूटलोडरही एकेक डिस्क साधी समजून वाचू शकतो. सोय तीच, आणि धोकाही तोच. २०१० पासून एमडीएडीएम नव्या अ‍ॅरेसाठी १.२ प्रकार वापरतं. तो सुरुवातीपासून ४ केबीवर असतो आणि माहिती त्याच्या पुढे सुरू होते, त्यामुळे सुटी डिस्क चुकून साधी म्हणून उघडत नाही.

वापरलेले सेक्टरच (डिस्कचे छोटे तुकडेच) लिहिणारा प्रोग्राम शेवटच्या मेटाडेटाला हात लावत नाही. त्याने एकाच डिस्कवर रिस्टोअर केलं तरी दोन्ही डिस्कवरची नोंद ‘नॉर्मल’ असंच सांगत राहते. एका डिस्कवर नवी इमेज, दुसरीवर जुनी माहिती, आणि वाचन मात्र दोन्हींवरून. फाइली बिघडतात त्या यामुळे. उलट, सेक्टर-बाय-सेक्टर इमेज सुट्या नव्या डिस्कवर घातली तर जुना मेटाडेटाही तिच्याबरोबर येतो. इंटेलच्या नोंदीत सदस्य डिस्कचे सीरियल नंबर असतात. नव्या डिस्कचा नंबर जुळत नाही आणि डिस्क समोर असूनही अ‍ॅरे ती ‘मिसिंग’ म्हणतो.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी मिरर तयार करायचा, मग रिस्टोअर. रिस्टोअरच्या यादीत दोन सारख्या डिस्क दिसल्या तर तिथेच थांबून ड्रायव्हर घालावा. लिनक्समध्ये मात्र अ‍ॅरे जोडला गेल्यावरही सुट्या डिस्क दिसत राहतात. तिथे इंटेलचा मिरर सहसा एमडी१२६ या नावाने येतो, एमडी१२७ हा नुसता कंटेनर असतो. लिहायचं ते एमडी१२६ वर.

आकारही बघावा. १ टीबी डिस्कवर ठरलेले सेक्टर १,९५,३५,२५,१६८; मिररचा व्हॉल्यूम त्याहून थोडा लहान. सुट्या डिस्कवरून घेतलेली पूर्ण इमेज त्यात मावत नाही. इमेज घेण्याआधी शेवटचं पार्टिशन दोन-तीन जीबीने आकसून घ्यावं. जीपीटीची (नव्या पद्धतीच्या पार्टिशन-तक्त्याची) राखीव प्रत शेवटच्या सेक्टरवर असते, ती रिस्टोअरनंतर नव्या शेवटाकडे हलवावी लागते: जीडिस्क या साधनात एक्स, मग ई, मग डब्ल्यू या आज्ञा.

निळ्या पडद्यावर स्टॉप ७बी आला, तर विंडोजला बूट होतानाच लागणारा ‘रेड’चा ड्रायव्हर मिळालेला नाही. विंडोज पीई मधून ‘डिझम’ या साधनाने तो ऑफलाइन घालता येतो. बूट फाइली नव्याने लिहायला ‘बीसीडीबूट’ पुरतं.

एकाच डिस्कवर लिहून झालंच असेल, तर मशीन बंद करून न लिहिलेली डिस्क काढावी. उरलेल्या एकीवर मशीन नीट चालतं का ते बघावं. अ‍ॅरे ‘डिग्रेडेड’ दिसणारच. काढलेल्या डिस्कवरचा मेटाडेटा दुसऱ्या मशीनवर पुसावा, त्यासाठी लिनक्सचा ‘वाइपएफएस’ चालतो. मग ती नवी डिस्क म्हणून जोडून रिबिल्ड करावं, म्हणजे पहिलीवरून ती पुन्हा भरून घ्यावी. न पुसता जोडणं टाळावं.

शेवटी पडताळणी. लिनक्समध्ये त्या एमडीच्या ‘सिंक अ‍ॅक्शन’मध्ये ‘चेक’ लिहून ‘मिसमॅच काउंट’ बघता येतो. मिररवर स्वॅप (मेमरीसाठी वापरलेली डिस्कवरची जागा) असेल तर थोडे फरक निरुपद्रवीही असतात. पण आकडा मोठा आला म्हणून लगेच ‘रिपेअर’ देऊ नये. मिररमध्ये कोणती प्रत खरी हे त्याला कळत नाही, तो एक प्रत उचलून दुसरीवर लिहितो. आधी दोन्ही डिस्क वेगवेगळ्या फक्त वाचनासाठी जोडून इमेज कोणत्या डिस्कवर आहे ते ठरवावं.