रसेल ग्रुप, पॉलिटेक्निक आणि १९९२ : ब्रिटिश युनिव्हर्सिट्यांच्या मानपानामागची गोष्ट

यूकेला मास्टर्सला जायचं ठरलं आणि हातात दोन-तीन ऑफर लेटर्स आली की घरी, नातेवाइकांत, कन्सल्टंटकडे सगळीकडे एकच प्रश्न, 'रसेल ग्रुपमधली आहे का?' म्हणजे संशोधनासाठी नावाजलेल्या २४ ब्रिटिश युनिव्हर्सिट्यांच्या संघटनेतली आहे का. नॉटिंगहॅम म्हटलं की मंडळी खूश, नॉटिंगहॅम ट्रेंट म्हटलं की चेहरे उतरतात. लीड्स चालेल, लीड्स बेकेट नको. शेफिल्ड हो, शेफिल्ड हॅलम नाही. मँचेस्टर आणि मँचेस्टर मेट्रोपॉलिटन तर एकाच ऑक्सफर्ड रोडवर आहेत, आरामात चालत जाता येतं, तरी लोकांच्या डोक्यात दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. हा फरक आला कुठून ते बघायला पाहिजे, कारण वर्गात कोण कसं शिकवतं याच्याशी त्याचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे.

ऑक्सफर्ड-केंब्रिज किती जुनी वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सोडून देऊ. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे, १८२०च्या दशकापर्यंत अख्ख्या इंग्लंडात या दोनच युनिव्हर्सिट्या होत्या, आणि तेव्हा छोट्याशा स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूज, ग्लासगो, ॲबर्डीन, एडिनबरा कितीतरी आधीपासून चालू होत्या. त्यात इंग्लंडातल्या या दोन्ही चर्च ऑफ इंग्लंडवाल्यांच्या, धर्माची अट सुटायला १८७१ उजाडलं. कॅथलिक, ज्यू, बाकीच्या पंथांचे प्रोटेस्टंट यांनी जायचं कुठे, म्हणून १८२६ ला लंडनमध्ये धर्म न विचारणारं कॉलेज निघालं, त्याला उत्तर म्हणून चर्चवाल्यांनी किंग्ज कॉलेज काढलं, आणि दोघांच्याही मुलांना डिग्री मिळावी म्हणून १८३६ ला जी लंडन युनिव्हर्सिटी स्थापन झाली ती स्वतः शिकवायचीच नाही, फक्त परीक्षा घ्यायची आणि डिग्री द्यायची. हाच साचा १८५७ ला मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला आला. आपल्याकडे अजूनही युनिव्हर्सिटी म्हटलं की परीक्षा, रिझल्ट आणि मार्कशीट आठवते, त्याचं मूळ तिथे आहे.

केंब्रिजचा मानसुद्धा त्या काळात परीक्षेवरच होता. आपल्या ओळखीचा 'रँग्लर' शब्द तिथलाच, गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे तिथल्या डिग्रीच्या परीक्षेत, फर्स्ट क्लास मिळवणारा तो रँग्लर आणि यादीत पहिला तो सीनियर रँग्लर. १८९९ ला फर्ग्युसनमधून गेलेला दापोलीकडचा एक विद्यार्थी, म्हणजे आपले र. पु. परांजपे, दुसऱ्या एकाबरोबर बरोबरीत सीनियर रँग्लर झाला आणि पुढे पुण्यात तो शब्द त्यांच्या नावालाच चिकटला. पण एकोणिसाव्या शतकातल्या केंब्रिजात हे रँग्लर घडवायचे कोण, तर मुख्यतः फी घेऊन तयारी करून घेणारे खाजगी कोच. एकाच कोचच्या हाताखालून पंचवीसहून जास्त सीनियर रँग्लर बाहेर पडले. म्हणजे आपल्या भाषेत क्लासच, आणि नाव युनिव्हर्सिटीचं. १९०९ ला शेवटची क्रमवार यादी लागली.

ज्याला आज आपण ऑक्सब्रिजचं शिकवणं म्हणतो ते म्हणजे ऑक्सफर्डचं ट्युटोरियल किंवा केंब्रिजचं सुपरव्हिजन. ट्यूटरची खोली, समोर एक, दोन, फार तर तीन विद्यार्थी, आठवडाभर वाचून लिहिलेला निबंध, पूर्वी तो मोठ्याने वाचूनच दाखवायला लागायचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदाला ट्यूटर थांबवून विचारणार, हे कशावरून म्हणताय? मागच्या बाकावर बसायची सोयच नाही. पद्धत खरंच उत्तम आहे, त्यात वाद नाही, पण ती प्रचंड महाग आहे आणि कॉलेजांच्या जमिनी, देणग्या, शेकडो वर्षांची शिल्लक यांच्यावर उभी आहे. बर्मिंगहॅम, लिव्हरपूल, लीड्स, शेफिल्ड, ब्रिस्टल या १९०० ते १९०९ मध्ये सनद मिळालेल्या लाल विटांच्या शहरी युनिव्हर्सिट्यांकडे तेवढी शिल्लक नव्हती, तिथे लेक्चर आणि लॅब. साठच्या दशकात ससेक्स, यॉर्क, वॉरिक, लँकेस्टर या नव्या आल्या, त्यांनी सेमिनार आणि विषयांची सरमिसळ यावर भर दिला.

आता मुद्द्याचा शब्द, पॉलिटेक्निक. आपल्याकडे पॉलिटेक्निक म्हणजे दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा, त्यामुळे 'ती आधी पॉलिटेक्निक होती' एवढं ऐकलं की मराठी घरात ती युनिव्हर्सिटी तिथल्या तिथे यादीतून कटाप. हा निव्वळ शब्दाचा घोटाळा आहे. ब्रिटिश पॉलिटेक्निकमध्ये ऑनर्स डिग्री मिळायची, मास्टर्स मिळायची, पीएचडीसुद्धा मिळायची. फक्त ती डिग्री पॉलिटेक्निकच्या नावाने नसायची, १९६४ ला त्यासाठी स्थापन केलेली एक राष्ट्रीय परिषद ती द्यायची. आणि ही परिषद नुसती शिक्का मारणारी नव्हती, तिची माणसं प्रत्यक्ष यायची, सिलॅबस, शिक्षक, लायब्ररी, लॅब सगळं तपासायची, शिक्षकांना समोर बसवून हा कोर्स असाच का म्हणून विचारायची आणि पटलं नाही तर मंजुरी अडवायची. जुन्या युनिव्हर्सिट्यांना असं कोणी विचारत नव्हतं, बाहेरचे परीक्षक सोडले तर त्यांचा कोर्स त्यांचा त्यांनीच पास करायचा. म्हणजे बाहेरून जास्त तपासलेलं शिक्षण कुठलं होतं बघा.

या दोन फळ्या झाल्या कशा, तर १९६५ मध्ये लंडनच्या वूलिचमधल्या एका भाषणात तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी धोरण मांडलं की एका बाजूला स्वायत्त युनिव्हर्सिट्या राहतील आणि दुसऱ्या बाजूला स्थानिक कौन्सिलांच्या हाताखालच्या, उद्योगधंद्यांशी जोडलेल्या संस्था वाढवायच्या, आणि त्यांना दुय्यम मानायचं नाही. त्यातून शहरातली टेक्निकल कॉलेजं, आर्ट स्कूल्स, कॉमर्स कॉलेजं एकत्र करून १९६९ ते १९७३ मध्ये ३० पॉलिटेक्निक्स झाली. कारखान्यात ड्यूटी करून संध्याकाळच्या वर्गाला येणारे, पार्टटाइम करणारे, लग्न-मुलंबाळं झाल्यावर परत शिकायला आलेल्या बायका, या सगळ्यांना जागा होती. सँडविच कोर्स म्हणजे चार वर्षांतलं एक वर्ष कंपनीत प्रत्यक्ष काम, तो पॉलिटेक्निक्सनी इतक्या मोठ्या प्रमाणावर चालवला की तीच त्यांची ओळख झाली. वर्षाअखेरच्या एका परीक्षेऐवजी वर्षभराचं कोर्सवर्क, मॉड्यूल निवडून डिग्री बांधणं, ग्रुप प्रोजेक्ट हे सगळं आज जिथे तिथे दिसतं, त्याची मोठी तालीम इथेच झाली.

मग १९९२. एका कायद्याने पॉलिटेक्निक हा वर्गच संपवला आणि त्यांना युनिव्हर्सिटी म्हणवून घ्यायचा, स्वतःची डिग्री द्यायचा हक्क दिला. सरकारला विद्यार्थी भराभर वाढवायचे होते पण दर विद्यार्थ्यामागे पैसा वाढवायचा नव्हता, आणि पॉलिटेक्निक्स कमी पैशात जास्त मुलं शिकवून दाखवत होतीच. बऱ्याच पॉलिटेक्निक्सना स्वतःलाही हे हवं होतं, का नको असावं, परदेशात 'पॉलिटेक्निक' म्हटलं की काय ऐकायला लागतं ते आपण वर बघितलंच. पण शहराचं नाव बहुतेक ठिकाणी आधीच दुसरीने घेतलेलं, मग नावं शोधायची वेळ आली. नॉटिंगहॅमने ट्रेंट नदी नावात घेतली, शेफिल्डने हॅलम हे त्या भागाचं जुनं नाव, ऑक्सफर्डने जुन्या प्राचार्यांचं ब्रुक्स, लेस्टरने तेराव्या शतकातल्या सरदाराचं डी माँटफोर्ट. लीड्स पॉलिटेक्निक आधी लीड्स मेट्रोपॉलिटन झालं आणि २०१४ ला लीड्स बेकेट. नावातच कळतं की कोण आधी आलं आणि कोण नंतर.

माझ्या मते खरा अन्याय पुढे झाला. युनिव्हर्सिट्यांचं संशोधन तपासून त्यावर पैसे वाटायची पद्धत १९८६ पासून चालू होती आणि १९९२ च्या फेरीत या नव्या मंडळींना पहिल्यांदाच जुन्यांबरोबर उभं केलं. ज्यांना इतकी वर्षं शिकवण्यासाठी पैसे दिले, संशोधनाला जवळजवळ काहीच दिलं नाही, त्यांचं संशोधन मोजलं, आणि ती अर्थातच खाली राहिली. वर्तमानपत्रांतल्या रँकिंगच्या टेबल्सही त्याच सुमारास सुरू झाल्या. ज्यात ही मंडळी पुढे होती त्याला तेवढा मान मिळाला नाही, आणि ती तपासणी करणारी राष्ट्रीय परिषदही त्याच कायद्याच्या पाठोपाठ बंद झाली.

आणि रसेल ग्रुप निघाला १९९४ ला, म्हणजे दोनच वर्षांनी. हे साल मुद्दाम लक्षात ठेवा. लंडनच्या रसेल स्क्वेअरमध्ये टेराकोटाच्या नक्षीचं एक जुनं भव्य हॉटेल आहे, तेव्हाचं हॉटेल रसेल. सगळ्या कुलगुरूंची मोठी बैठक असायची त्याच्या आधी १७ मोठ्या संशोधन करणाऱ्या युनिव्हर्सिट्यांचे कुलगुरू तिथे वेगळे बसायला लागले आणि त्या जागेवरून नाव पडलं. आपल्याकडे याला आयआयटीसारखा सरकारी दर्जा समजतात, तसं काही नाही, ही सरकारपुढे आपली बाजू मांडायला एकत्र आलेल्या युनिव्हर्सिट्यांची संघटना आहे. मेंबर करून घेताना वर्गात बसून शिकवणं कोणी तपासत नाही. आज २४ आहेत. त्यातल्या डरहॅम, एक्सेटर, यॉर्क आणि क्वीन मेरी २०१२ ला दुसऱ्या एका छोट्या गटातून इकडे आल्या आणि तो गट २०१३ ला बंद पडला. डरहॅममधलं शिकवणं काही त्या उन्हाळ्यात एकदम सुधारलं नसणार. सेंट अँड्र्यूज तर आजही या ग्रुपमध्ये नाही, आणि २०२१ ला ब्रिटनच्या एका नावाजलेल्या टेबलमध्ये ती ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या वर, पहिली आली. बाथ, लफबरो याही बाहेरच आहेत. पीएचडी करायची असेल, मोठी लॅब हवी असेल तर या २४ मधलं संशोधनाचं बळ खरं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण एक वर्षाच्या टॉट, म्हणजे संशोधनाऐवजी वर्गात शिकवल्या जाणाऱ्या, मास्टर्सला जाणाऱ्यासाठी तो निकष किती लागू पडतो हा वेगळा प्रश्न.

नंतर इंग्लंडात फी आली. १९९८ ला वर्षाला १,००० पाउंड, २००६ ला ३,०००, २०१२ ला ९,०००. कल्पना अशी होती की युनिव्हर्सिट्या फीमध्ये स्पर्धा करतील, प्रत्यक्षात जवळजवळ सगळ्यांनी वरचाच आकडा लावला, कमी लावला तर लोक आपल्याला कमी समजतील ही भीती. त्यामुळे तिथल्या मुलांना किंमत बघून काही कळेना आणि नाव बघणं आणखी वाढलं. २०१७ ला सरकारने पहिल्यांदाच शिकवण्यासाठी गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ दिली, त्यात कॉव्हेंट्री, नॉटिंगहॅम ट्रेंट, डी माँटफोर्ट या जुन्या पॉलिटेक्निक्सना गोल्ड मिळालं, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, लिव्हरपूल, साउथॅम्प्टन या रसेलवाल्यांना ब्राँझ. त्यावर खूप ओरड झाली, मोजमापही पक्कं नव्हतं, विद्यार्थ्यांचे सर्व्हे, किती जण मधेच सोडून गेले, किती जणांना नोकरी लागली असे आकडे होते, वर्गात जाऊन कोणी बघितलं नव्हतं. तरीसुद्धा संशोधन सोडून शिकवण्याकडे बघायचा प्रयत्न केला एवढं त्यात होतं.

आपल्यापर्यंत ते गोल्ड पोचलंच नाही. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारची जी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे तिलाही जागतिक क्रमवारीत ठरावीक नंबराच्या आतली युनिव्हर्सिटी लागते, आणि या जागतिक याद्यांमध्ये संशोधनाला आणि नावलौकिकाच्या सर्व्हेला मोठं वजन असतं. घरातून पहिल्यांदाच बाहेर शिकायला निघालेल्या मुलीला ट्रेंट किंवा कॉव्हेंट्रीतला प्लेसमेंटवाला, म्हणजे शिकता शिकता कंपनीत काम करायचा, कोर्स कितीही जुळत असला, तरी फॉर्म भरताना आधी तो नंबरच बघावा लागतो.