नवे हृदय, जुनी फुप्फुसे

हृदय प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवायला आलेल्या रुग्णाचे नातेवाईक तपासण्यांची यादी पाहून चक्रावतात, कारण तिच्यात हृदयापेक्षा इतर अवयवांचीच नावे अधिक असतात. मूत्रपिंडे, यकृत, दात, क्षय, कावीळ, मधुमेह, कुठे दडून बसलेला कर्करोग, सारे काही तपासले जाते. औषधे वेळच्या वेळी देणारे घरात कोण आहे, हेही विचारले जाते आणि तो प्रश्न केवळ औपचारिक नसतो. हृदय निकामी झाल्याचे ठाऊकच असते. नवे हृदय या शरीरात टिकेल का, हे पाहायचे असते.

त्यात सर्वांत निर्णायक तपासणी, माझ्या मते, फुप्फुसांतील रक्तदाबाची. हृदयाची डावी बाजू वर्षानुवर्षे दुबळी राहिली की रक्त मागे फुप्फुसांत तुंबते, तेथील दाब वाढतो आणि हळूहळू बारीक धमन्यांच्या भिंती जाड होत जातात. रुग्णाच्या स्वतःच्या हृदयाची उजवी जवनिका, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा कप्पा, हा भार सोसायला सरावलेली असते. दात्याच्या हृदयाची उजवी जवनिका मात्र आयुष्यभर कमी दाबावर काम करत आलेली असल्याने असा भार एकाएकी अंगावर पडताच ती शस्त्रक्रियेच्या टेबलावरच मान टाकू शकते. म्हणून मानेतील शिरेतून बारीक नळी फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेऊन दाब मोजतात. त्यावरून काढलेला रक्तवाहिन्यांचा रोध साधारण ३ वुड एककांच्या वर असेल, तर औषध देऊन तो उतरतो का, हे तिथल्या तिथे पाहतात. उतरला नाही, तर काही रुग्णांना आधी हृदयाला हातभार लावणारा यांत्रिक पंप बसवून काही महिने वाट पाहावी लागते.

पुण्यात प्रतीक्षायादी आणि अवयववाटपाचे काम विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहते. हृदयाच्या बाबतीत रक्तगट आणि शरीराची चण जुळणे महत्त्वाचे. काढलेले हृदय बर्फात ठेवल्यास सुमारे चार तासांत पुन्हा धडधडू लागावे अशी अपेक्षा असते. लोहगाव विमानतळाचा रस्ता पोलीस मोकळा करतात तो याच हिशेबापायी.

नव्या हृदयाचे मज्जातंतू कापलेले असतात, त्यामुळे ते विश्रांतीतही मिनिटाला ९० ते ११० ठोके देते. पर्वतीच्या पायऱ्या चढू लागल्यावर त्याची गती लगेच वाढत नाही आणि माथ्यावर टेकल्यावर लगेच उतरतही नाही. धमन्या अरुंद झाल्या तरी बहुधा छातीत दुखत नाही, म्हणून ठरावीक काळाने अँजिओग्राफी करावी लागते. शरीर हृदयाला नाकारत तर नाही ना, हे पाहण्यासाठी पहिल्या वर्षात पुन्हा पुन्हा मानेच्याच शिरेतून चिमटा आत घालून हृदयाचे साबुदाण्याहूनही लहान तुकडे काढले जातात.

केपटाऊनमध्ये ३ डिसेंबर १९६७ रोजी ज्याच्यावर मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण झाले, तो रुग्ण १८ दिवसांनी दगावला तो न्यूमोनियाने. प्रतिकारशक्ती दाबल्याची ही किंमत आजही पूर्णपणे टळलेली नाही. टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दर बारा तासांनी, ठरल्या वेळीच घ्यावे लागते आणि रक्तातील त्याची पातळी वारंवार मोजावी लागते. गणपतीच्या दिवसांत मंडईत पपनसे येतात. त्यांतील काही द्रव्ये हे औषध मोडणाऱ्या आतड्यातील विकराला थोपवतात, पातळी चढते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. म्हणून पपनस गणपतीपुढे ठेवावे, पण प्रसाद म्हणून त्याची फोड या रुग्णाच्या हातावर ठेवू नये.